मागची काच

गाडीच्या हौद्यातला लोखंडी अँगल ब्रेक मारताच पुढे सरकून केबिनच्या मागच्या काचेवर आदळला आणि खडीसाखरेसारखे काचेचे दाणे सीटभर पसरले. टोकदार तुकडा एकही नाही. पुढच्या काचेच्या दोन थरांत प्लास्टिकचा पडदा असतो, ती तडकली तरी जागेवर राहते. मागची टफन केलेली. कुणाला कापू नये म्हणून ती फुटतेच अशी.

नगर-सोलापूर रस्त्यावर, मिरजगावातल्या गॅरेजवाल्याने आधीच सांगितलं, "दादा, ही कापून मापात बसत नाही. कटर लावला की भुगा. तयारच आणावी लागते." जुन्या मॉडेलची काच मग नगरहून मागवली.

बसवणं बघण्यासारखं होतं. काचेच्या कडेने नवं रबर चढवलं, त्याच्या खाचेत सुतळी फिरवली, साबणाचं पाणी लावलं. बाहेरून पोरगा तळहाताने दाबतोय, आत मिस्त्री सुतळी हळूहळू ओढतोय आणि रबराची कड इंचाइंचाने पत्र्यावर चढतेय. जुनं, कडक झालेलं रबर परत लावलं तर पहिल्याच पावसात सीट भिजते.

"काळी फिल्म मारू का?" नको म्हणालो. पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के उजेड यावा असा नियम आहे. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काळ्या फिल्मना मनाई केली, तीही यावरूनच. शिवाय कांद्याच्या गोण्यांची थप्पी कलली का, दोर सैल झाला का, हे मला बसल्या जागेवरून दिसायला हवं. बाजूच्या आरशात रस्ता दिसतो. ज्याच्यासाठी रस्त्यावर आलो तो माल या काचेतूनच. जुन्या गाडीवर किती खर्च करायचा, हा वाद घरात चालूच राहील. हा खर्च मात्र त्या वादात धरायचा नाही.