कोल्हापुरी बोलीतील ‘की’

कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर गिऱ्हाइकासमोर म्हशीची धार काढून दूध दिले जाते. पेला पुढे करणारा म्हणतो, “घ्या की!” परगावच्या माणसाला हा ‘की’ कधी प्रश्न वाटतो, कधी दटावणी. कोल्हापूरकराला त्यात केवळ आग्रह ऐकू येतो. व्याकरणात वाक्ये जोडणारे हे अव्यय येथे माणसे जोडण्याचे काम करते.

शुक्रवार पेठेत लक्ष्मीसेन मठाच्या परिसरातील जैन घरांतही हाच ‘की’ भेटतो. सायंकाळी आलेल्या पाहुण्यास “दिवस बुडायच्या आत दोन घास खावा की” असा आग्रह होतो. पाहुण्याचा पहिला नकार कोणी खरा मानीत नाही. दुसऱ्या नकारानंतरही ताट वाढले जाते. मात्र पाहुणा “नियम आहे” एवढेच म्हणाला की आग्रह तत्काळ थांबतो. कोणता ‘नको’ संकोचाचा आणि कोणता व्रताचा, हे शब्दकोश सांगत नाही. ते उभयतांच्या परस्पर समजुतीतून ठरते.

ही समजूत घडण्यास वेळ लागतो. या भागातील अनेक स्त्रिया स्वतःविषयी “मी आलो”, “मी जेवलो” असे बोलतात. पुण्याकडून आलेल्या सुनेला ती चूक वाटते. सासूला सुनेचे “मी आले” नखऱ्याचे वाटते. पुढे दोघींना एकमेकींची सवय होते. शाळेतल्या मुलीला मात्र अशी सवड मिळत नाही. “मी आलो” वर लाल रेघ पडते, वर्गात हसू होते आणि ती बोलणेच कमी करते. प्रमाणभाषा तिला यायलाच हवी. पण त्यासाठी आजीची भाषा अशुद्ध ठरविण्याचे कारण नाही.

कागलच्या आनंद यादवांनी बोलीला साहित्यात मानाचे स्थान दिले. त्यांच्या ‘झोंबी’स १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. त्याआधी याच नगरीत, राजाराम महाविद्यालयात, डॉ. आ. ने. उपाध्ये यांनी अनेक वर्षे अर्धमागधी शिकविली. भगवान महावीरांचा उपदेश जिच्यातून लोकांपर्यंत पोहोचला, ती हीच लोकभाषा. तिचा वारसा सांगणाऱ्या घरांनी तरी मुलीला दोन्ही रूपे शिकवावीत: वहीत “मी आले” आणि आजीपाशी निःसंकोच “मी आलो”.