रंग वाळायच्या आत

धरमपेठ, नागपूर
डिसेंबरचा दुसरा आठवडा

प्रिय मंजू,

कॅनव्हासचा फोटो पाठवला तर तू नुसतंच विचारलंस, ‘हे काय नवीन खूळ?’ याचं उत्तर मोबाइलवर अंगठ्याने टाइप करण्याजोगं नाही, म्हणून कागद घेऊन बसले. सवडही आहे. विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन भरलंय, सिव्हिल लाइन्सकडे जागोजागी बॅरिकेड आणि मोर्चे. आज क्लासला जायचं म्हणजे अर्ध्या शहराला वळसा. कोण जातं!

तर खुळाची गोष्ट. बँकेतून निवृत्त झाले आणि एप्रिलमध्ये एका कॉलेजच्या स्टुडिओतला उन्हाळी वर्ग धरला. ॲक्रिलिक पेंटिंग, वयाची अट नाही. तो संपल्यावर त्यांचाच शनिवार-रविवारचा कोर्स घेतला. वर्गात बहुतेक पोरं अठरा-एकोणीसची, बीएफएच्या प्रवेशाची तयारी करणारी. एक निवृत्त पोस्टमास्तर आणि मी, असे आम्ही दोघं पिकलेले. पोरं मला काकू म्हणतात, त्यांचं ऐकून सरही काकूच म्हणतात. सर माझ्या धाकट्यापेक्षा लहान असतील, पण मी त्यांना अहो-जाहोच करते. शिकवणाऱ्याला अरे-तुरे कसं करणार?

आपण शाळेत चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा दिल्या होत्या, आठवतं? स्मरणचित्रात दरवर्षी तीच छत्रीवाली माणसं, स्थिरचित्रात तोच तांब्या. पोस्टर कलरचा हात अजून अंगात आहे, आणि ॲक्रिलिक शिकताना तोच आडवा येतो. पोस्टर कलर कितीही वाळला तरी ओला ब्रश फिरवला की पुन्हा जागा होतो, कडा मऊ करता येतात, चुकलेलं पुसता येतं. ॲक्रिलिक एकदा वाळला की वाळला. त्यात रंगाची पूड असते, पाणी असतं आणि पाण्यात तरंगणारे ॲक्रिलिक प्लास्टिकचे अतिसूक्ष्म कण. पाणी उडून गेलं की ते कण एकमेकांना चिकटून सलग पापुद्रा होतो आणि पुडीला धरून ठेवतो. मग वरून बादलीभर पाणी ओत, तो विरघळायचा नाही. आपल्या भिंतींना लावतात तो इमल्शन याच जातकुळीतला.

आणि हे सगळं मी शिकायला घेतलं कधी, तर नागपूरच्या एप्रिल-मेमध्ये! 2013 च्या मेमध्ये इथे 47.9 अंश झालं होतं ते तुला कळवलं होतं, तेव्हा तू लीड्समध्ये स्वेटर घालून बसली होतीस. यंदा तितकं नव्हतं, पण हवेत ओलाव्याचा थेंब नाही. पॅलेटवर रंग काढायचा, कोणती छटा हवी म्हणून जरा चित्राकडे बघायचं, तोवर कडेने घट्ट झालेला. पहिल्याच आठवड्यात सर माझ्यामागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, ‘काकू, तुम्ही इकडे विचार करून राहिल्या, तिकडे रंग वाळून राहिला.’

सुरुवातीला सगळ्यांची धडपड कूलरसमोरच्या जागेसाठी असायची. लवकरच सगळे तिथून उठले. कूलरची हवा ओलसर खरी, पण तिचा झोत सरळ पॅलेटवर आला की रंगावर दुधावरच्या सायीसारखा पापुद्रा धरतो, आणि तो ब्रशला लागून चित्रात गेला की गुठळ्याच गुठळ्या. मग ज्याची त्याची युक्ती सुरू झाली. पोस्टमास्तर स्टीलचा चपटा डबा घेऊन येतात. तळाशी ओला स्पंज, त्यावर बटर पेपर, रंग बटर पेपरवर. खालून ओलावा मिळत राहतो, झाकण लावलं की दुसऱ्या दिवशीही रंग चालतो. पोरींनी इस्त्रीच्या कपड्यांवर मारायचे फवारे आणले. दुकानात रंगाचं वाळणं लांबवणाऱ्या रिटार्डरची बाटली मिळते, तीही घालून पाहिली. जास्त झाली तर रंग नुसता चिकट राहतो. डबा सगळ्यात बरा.

दुसरी गंमत म्हणजे ॲक्रिलिक ओला असताना एक दिसतो आणि वाळल्यावर दुसरा. ते प्लास्टिकचे कण पाण्यात असताना दुधाळ दिसतात, त्यामुळे ओला रंग जरा फिका वाटतो. वाळल्यावर तेच पारदर्शक होतात आणि रंग गडद होतो. काल रंगवलेल्या भिंतीच्या निळ्याला आज जोड द्यायला गेलं तर ओल्या-ओल्यात तंतोतंत जुळतो आणि वाळल्यावर ठिगळ लावल्यासारखा उठून दिसतो. म्हणून सर प्रत्येकाला कागदाच्या तुकड्यावर ठिपका लावून वाळू द्यायला लावतात. बाकी ठिकाणी यासाठी हेअर ड्रायर लागतो म्हणे. मेमध्ये आम्ही तुकडा नुसता खिडकीबाहेर धरायचो.

हल्ली संत्र्यांचा अंबिया बहार बाजारात आहे, त्यामुळे स्थिरचित्रात तांब्याशेजारी संत्री. तुला वाटेल, नागपूरच्या बाईला संत्रं काढायला काय लागतं. ट्यूबमधला केशरी काढला आणि फासला की प्लास्टिकचा चेंडू तयार! आधी संत्रं नीट बघावं लागतं. आपलं संत्रं कातडीत सैल बसलेलं असतं, देठाकडे ती उचललेली, तिथे थोडी हिरवट झाक, आणि अंगभर बारीक खळगे. शिवाय विद्यार्थ्यांच्या ट्यूबमधला पिवळा आणि केशरी अंगाने पातळ असतात, खालचं सगळं दाखवतात. म्हणून आधी पांढरा मिसळून जाड, अपारदर्शक थर द्यायचा, तो वाळला की त्यावर पातळ केशरी, तो वाळला की आणखी एक. सावलीच्या बाजूला वर्गातल्या सगळ्या पोरांनी काळा मिसळला आणि सगळ्यांची संत्री शेवाळली, कारण पिवळ्यात काळा गेला की हिरवा होतो. तिथे बर्न्ट सिएना लागतो, नाहीतर केशरीच्या समोरचा निळा, तोही अगदी टिपूसभर. सरांनी एका संत्र्याच्या खालच्या कडेला, खाली अंथरलेल्या निळ्या चादरीचा प्रकाश परतून पडलेला दाखवला. तो दिसल्यापासून मला घरातलं एकही फळ साधं दिसत नाही.

मध्यंतरी एका पोरीच्या नव्या ओढणीवर क्रिमसन सांडला. ओला असता तर नळाखाली धरून गेला असता, पण ती आधी रडली आणि मग नळाकडे गेली. तोवर ओढणी कायमची रंगली. तिला म्हटलं, बाळ, आमच्या आयांनी हेच मुद्दाम केलं. मंजू, तुझ्या आईने फेविक्रिलने रंगवलेली टेबलक्लॉथवरची मोरपिसं आठवतात ना? ते ॲक्रिलिकच होतं. म्हणजे आर्ट कॉलेजात शिरण्याच्या कितीतरी आधी हा रंग आपल्या माजघरात येऊन बसला होता, फक्त त्याला कुणी चित्रकला म्हणत नव्हतं.

आता पोस्टमास्तरांचं आणि माझं भांडण सांगते. ते म्हणतात, ॲक्रिलिक म्हणजे गरिबाचा तेलरंग, खरी चित्रं तेलात. त्यांना गायतोंडे फार प्रिय. वासुदेव गायतोंडे 1924 मध्ये नागपुरात जन्मले, हे मला या क्लासमध्ये येईपर्यंत माहीत नव्हतं. इथल्या शाळेत कधी कुणी सांगितलं? ते वाढले मुंबईत, तिथल्याच जेजे कलाशाळेत शिकले, आणि रोलर व पॅलेट नाइफने तेलरंगाचे थर चढवत, खरवडत राहिले. वाट बघणं हाच त्यांच्या चित्राचा अर्धा भाग. ॲक्रिलिकने त्यांना तेवढा वेळ दिलाच नसता. हे मलाही मान्य.

पण मग रझा? सय्यद हैदर रझा मंडला जिल्ह्यात जंगलखात्यातल्या माणसाच्या घरी जन्मले आणि 1939 ते 1943 आपल्या नागपूर स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले. तेव्हा नागपूर मध्य प्रांताची राजधानी होतं. पुढे जेजे, 1950 मध्ये पॅरिस. तिथे आधी पुष्कळ वर्षं तेलरंगातली निसर्गदृश्यं केली आणि नंतर ॲक्रिलिककडे वळले. ते बिंदू, ते त्रिकोण, काळ्या-लाल-पिवळ्या पट्ट्या, त्यातलं खूपसं ॲक्रिलिक आहे. ‘सौराष्ट्र’ हे 1983 चं चित्र दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद, ॲक्रिलिक. 2010 मध्ये लंडनला लिलावात त्याचे साडेसोळा कोटींच्या आसपास आले. 1989 चं ‘जेस्टेशन’, तेही ॲक्रिलिक, 2023 मध्ये मुंबईत 51.75 कोटींना गेलं. मी पोस्टमास्तरांना म्हटलं, हा कुठला गरीब हो? तेव्हापासून ते माझ्याशी जरा मोजकंच बोलतात, पण डब्यातला बटर पेपर देतात.

किमतीचं जाऊ दे. मुद्दा असा, की रझांच्या पट्ट्या एकमेकींत मिसळत नाहीत, शेजारी शेजारी ताठ उभ्या राहतात. हे तेलात करायचं तर एक पट्टी वाळायला दिवसेंदिवस थांबा. ॲक्रिलिकमध्ये सकाळी लाल दिला, चहा झाला, शेजारी काळा. चुकलं तर वरून दुसरा थर, खालचा हलत नाही. म्हणून माझं म्हणणं आहे की ॲक्रिलिकला तेलरंगाचा स्वस्तातला पर्याय म्हणून शिकवतात तिथेच घोळ होतो. मुलं तासन्‌तास ओल्यात ओलं मिसळून गालाची गोलाई आणायला बघतात, रंग दाद देत नाही, मग रंगाला नावं ठेवतात. त्याच्याकडून थर मागावेत, कडा मागाव्यात, सपाट मोठा रंग मागावा. आमचे सर सुदैवाने तसंच शिकवतात. पहिले दोन महिने त्यांनी गालाला हातच लावू दिला नाही.

हे तुला माझ्यापेक्षा जवळून बघता येईल. तुमच्या लीड्सशेजारच्या ब्रॅडफर्डचा डेव्हिड हॉकनी! कॅलिफोर्नियात गेल्यावर त्याने ॲक्रिलिक धरला. 1967 चं ‘अ बिगर स्प्लॅश’ लंडनच्या टेटकडे आहे. निळं आकाश आणि पोहण्याचा तलाव सरळ रोलरने सपाट केलेले, आणि पाण्याचा उडालेला शिंतोडा मात्र बारीक ब्रशने जवळजवळ दोन आठवडे. दोन सेकंदांच्या पाण्याला दोन आठवडे! पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक अमेरिकेत 1955 च्या सुमारास दुकानात आला, म्हणजे हॉकनीने धरला तेव्हा हा रंग अजून नवाच होता. तुमच्या सॉल्टेअरच्या जुन्या गिरणीतही हॉकनीची पुष्कळ चित्रं आहेत म्हणे. जाऊन ये आणि मला कडा कशा आहेत ते लिही. चित्राचं सौंदर्य वगैरे नको, कडा.

पावसाळ्यात सगळं उलटं झालं. ऑगस्टमध्ये हवा इतकी दमट की थर लवकर वाळेना, आणि आम्ही मेमध्ये लागलेल्या घाईने वर दुसरा फासत सुटलो. आता डिसेंबरात सकाळी स्टुडिओ गारठलेला असतो, आणि अशा थंडीत ॲक्रिलिकचा पापुद्रा नीट धरत नाही, म्हणून सर अकरानंतरच रंग उघडू देतात. एकाच शहरात वर्षभर राहून मी याच ट्यूबचे तीन स्वभाव पाहिले.

ट्यूबा अर्थात कॅमलच्याच. आपल्या कंपासपेटीतल्या त्याच दांडेकरांच्या कॅमलिनच्या. 1931 मध्ये शाईपासून सुरुवात केलेली कंपनी, 2011 पासून तिच्यात जपानी कंपनीचा मोठा वाटा आहे. परदेशी ट्यूबची किंमत एकदा बघितली आणि दुकानदाराला परत दिली. ब्रश मात्र चांगला सिंथेटिक घ्यावा आणि हातासरशी साबणाने धुवावा, रात्रभर तसाच राहिला तर त्याची काडी होते. धुतलेलं पाणी आम्ही बेसिनमध्ये ओतत नाही. बरणीत ठेवतो, गाळ खाली बसतो, तो वर्तमानपत्रावर वाळवून कचऱ्यात. शेवटी प्लास्टिकच ना ते.

आता कामाचं. माझा भाचा जानेवारीत मँचेस्टरला येतोय. त्याच्या सामानातून तुला संत्र्यांचं एक चित्र पाठवते. फ्रेमवरून काढून, रंगाची बाजू बाहेर ठेवून गुंडाळलं आहे, मध्ये बटर पेपर आहे. आतल्या बाजूला गुंडाळलं की थर दबतो, म्हणून उलटं वाटलं तरी तसंच बरोबर आहे. ॲक्रिलिक उन्हाळ्यात मऊ होतो, दोन कॅनव्हास तोंडाला तोंड लावून ठेवले तर चिकटतात. आणि कडक थंडीत ठिसूळ होतो. म्हणून हात जोडून सांगते, गुंडाळी हातात आली की लगेच उलगडू नकोस. एक रात्र घरातल्या उबेत पडू दे, मग सावकाश उघड. आणि स्वयंपाकघरात लावू नकोस. व्हार्निश अजून दिलेलं नाही, तुझ्या फोडणीचा धूर त्यावर बसला तर निघायचा नाही.

तुझी,
शैला