वरंधा घाटातला तांब्या

भोरहून महाडला उतरणारा वरंधा घाट अलीकडे सायकलवाल्यांचा लाडका झाला आहे. थंडीच्या दिवसांत पुण्याची मंडळी गिअरच्या सायकली घेऊन येतात. भोरकडून नीरा-देवघर धरणाच्या कडेने चढ हळूहळू येतो. महाडकडून मात्र वळणामागून वळण घेत सह्याद्रीची भिंतच चढावी लागते. कावळ्या किल्ल्याच्या डोंगराला चिरून रस्ता काढला आहे. माथ्यावर वाघजाईच्या देवळापाशी चहा-भजी मिळते. एकीकडे कडा आणि दुसरीकडे शिवथर घळीचे खोल खोरे, असे ते दृश्य आहे.

गेल्या मार्चमध्ये आमच्या वस्तीतील चार तरुण सायकलने महाडला निघाले. मीही निघालो. माझे वय पंचेचाळीस आणि नोकरी खुर्चीवरची. सौ. म्हणाल्या, "खतावणी लिहून घाट चढता येत नाही हो!"

उताराने सुखरूप महाडला पोहोचलो. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ज्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेथे नतमस्तक झालो. तळे सार्वजनिक होते, नगरपालिकेने ते सर्वांना खुले केल्याचा ठरावही होता. तरीही कोर्टाचा अंतिम निकाल लागायला १७ मार्च १९३७ उजाडला, हे मी पोरांना सांगितले.

दुसऱ्या दिवशी परत येताना खरी परीक्षा झाली. अर्ध्या घाटातच बाटल्या रिकाम्या झाल्या. मी सायकल ढकलत होतो. रस्त्याच्या वर एक घर दिसले. दारात एक आजी बसल्या होत्या. आम्ही पाणी मागितले.

"कुठलं म्हणायचं तुमी?" आजींनी विचारले.

माझी जीभ अडखळली. लहानपणी गावात पाण्याआधी हाच प्रश्न यायचा, आणि उत्तर ऐकून पाणी वरून ओंजळीत पडायचे. पोरे माझ्याकडे बघत राहिली. काका गप्प का झाले, हे त्यांना कळेना. शेवटी मी म्हणालो, "पुण्याचे. महाडला चवदार तळ्यावर गेलो होतो."

"लांबून आलाय, बसा सावलीला," म्हणत आजींनी तांब्या माझ्या हातात दिला. हातात दिला, हे मुद्दाम लिहितो.

आमच्यातील एकाने पाणी पिऊन उरलेले तोंडावर मारले. तेव्हा आजी शांतपणे म्हणाल्या, "सांडू नगं लेकरा. खालच्या झऱ्यावरनं दोन हंडे आणायला माझी सकाळ जाती."

आम्ही शरमलो. पावसाळ्यात या डोंगरात इतके कोसळते की दरडींमुळे घाट वरचेवर बंद ठेवावा लागतो. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड येऊन ऐंशीहून अधिक माणसे गेली. आणि त्याच डोंगरात मार्चमध्ये म्हाताऱ्या बाईला पाण्यासाठी दरीत उतरावे लागते. पोरांनी आजींचे हंडे उचलले, झऱ्यावर गेली आणि भरून आणले. घाटापेक्षा तोच चढ अवघड होता, असे ती अजून सांगतात.

बंधु-भगिनींनो, हा घाट जरूर चढा. पण पहाटे निघा, ब्रेक तपासा, पावसाळ्यात जाऊ नका आणि पाणी घरून पुरेसे घ्या. तरीही संपलेच, तर ज्या दारात प्याल तिथला हंडा भरून मगच पुढे निघा.