सामायिक स्मृतीचे मालक आणि वारस

२६ सप्टेंबर २०२४ रोजी ‘परम रुद्र’ मालिकेतील तीन महासंगणक देशाला अर्पण करण्यात आले. पुण्यातील यंत्रणा जीएमआरटी या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या संशोधनासाठी, दिल्लीतील पदार्थविज्ञान व अणुभौतिकीसाठी आणि कोलकात्यातील भौतिकशास्त्र व विश्वरचनाशास्त्रासाठी. राष्ट्रीय महासंगणन अभियान २०१५ मध्ये सुरू झाल्यापासून अशा बातम्यांत आपण प्रामुख्याने वेगाचे आकडे वाचतो. मला मात्र दर वेळी एक साधा प्रश्न पडतो : यंत्र अनेकांचे असते तेव्हा त्यातील जागा मोकळी करण्याचे काम कोणाचे?

विद्यार्थी मित्रहो, हा प्रश्न केवळ नैतिक नाही. तो ऑपरेटिंग सिस्टीमच्या रचनेतच आहे. संगणकावर चालणारी प्रत्येक प्रोसेस आपल्या स्वतंत्र स्मृतीत राहते आणि दुसरीच्या स्मृतीत डोकावू शकत नाही. सुरक्षिततेसाठी हे आवश्यकच आहे. परंतु जीएमआरटीसारखी दुर्बीण घ्या. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांमधून संकेतांचा ओघ अखंड येत असतो आणि त्यातील एखादा वेगवान रेडिओ स्फोट जेमतेम काही मिलिसेकंद टिकतो. एका प्रोसेसने माहिती घ्यावी, कर्नलच्या स्वाधीन करावी, तेथून दुसरीने तिची पुन्हा नक्कल करून घ्यावी, एवढी उसंत तिथे नसते. म्हणून स्मृतीची तीच पाने दोन्ही प्रोसेसच्या नकाशात जोडली जातात. एक लिहिते, दुसरी तेथेच वाचते. नक्कल करावीच लागत नाही.

पल्सार-निरीक्षणात जगभर वापरले जाणारे ‘पीएसआरदादा’ हे सॉफ्टवेअर याच तत्त्वावर उभे आहे. सामायिक स्मृतीचे खंड चक्राकार मांडून ते माहितीचा ओघ पेलते. त्यातील ‘दादा’ हे इंग्रजी आद्याक्षरांतून जुळून आलेले नाव. तरी सर्वांचा भार वाहणाऱ्या थोरल्या भावाची आठवण मराठी माणसाला झाल्याखेरीज राहत नाही.

‘सिस्टीम फाइव्ह’ परंपरेतील या स्मृतीचा व्यवहार चार आज्ञांवर चालतो. ‘शमगेट’ खंड निर्माण करते किंवा असलेला शोधून देते. ‘शमॅट’ तो प्रोसेसला जोडते. ‘शमडीटी’ ती जोडणी सोडते. ‘शमसीटीएल’ खंडाची स्थिती सांगते, आणि ‘आयपीसी आरएमआयडी’ हा आदेश दिला तर खंड नष्ट करते. खरी मेख तिसऱ्या आणि चौथ्या आज्ञेमधील अंतरात आहे. जोडणी सोडणे म्हणजे खंड नष्ट करणे नव्हे. प्रोसेस संपली की तिच्या सर्व जोडण्या कर्नल आपोआप सोडवतो. खंड मात्र तसाच राहतो. जन्म देणारी प्रोसेस गेली, वाचणारी गेली, तरी यंत्र पुन्हा सुरू होईपर्यंत तो जागा अडवून बसतो.

एका संस्थेतील सामायिक संगणकाची देखरेख काही वर्षे माझ्याकडे होती. प्रबंधाच्या अखेरच्या आठवड्यात असलेली एक विद्यार्थिनी सांगत आली, की तिचा प्रोग्रॅम सुरूच होत नाही. खंड मागितला की नकार येतो. प्रोग्रॅममध्ये दोष नव्हता. ‘आयपीसीएस’ ही आज्ञा दिली तेव्हा पडद्यावर खंडांची लांबलचक यादी उमटली. मालक, आकारमान आणि शेवटी जोडलेल्या प्रोसेसची संख्या. त्या रकान्यात बहुतेक ठिकाणी शून्य होते. मालकांपैकी अनेक जण पदवी घेऊन केव्हाच बाहेर पडले होते. गरज सरली होती आणि वैद्य मात्र दारातच ताटकळत होता.

शून्य दिसले की खंड काढून टाकावा, असे कोणालाही वाटेल. पण शून्याचा अर्थ ‘निरुपयोगी’ असा नसतो. ‘या क्षणी कोणी जोडलेले नाही’ एवढाच असतो. म्हणून जे मालक संस्थेत होते त्यांना आधी विचारले. एकाच्या खंडात दोन टप्प्यांच्या दरम्यानचे निष्कर्ष होते आणि दुसरा टप्पा त्याच रात्री सुरू व्हायचा होता. तो खंड राखला. संस्था सोडून गेलेल्यांचे खंड ‘आयपीसीआरएम’ने काढले. विद्यार्थिनीचे काम संध्याकाळी सुरू झाले.

या प्रसंगात कर्नलचे काही चुकले नव्हते. खंड कोणाचा आणि किती जण जोडलेले, याची नोंद सात-बाराच्या उताऱ्यासारखी त्याच्याकडे असते. त्या खंडाचे प्रयोजन काय, हे मात्र त्याला ठाऊक नसते. दोन प्रोसेस एकाच जागी एकदम लिहू लागल्या तर त्यांना थांबवणेही त्याच्याकडे नाही. त्यासाठी सेमाफोरसारखे कुलूप आपणच बसवायचे असते. तो जागा देतो, शिस्त देत नाही.

यावर एक सुंदर उपाय आहे. सर्व प्रोसेस जोडल्या गेल्या की लगेच, काम चालू असतानाच, नष्ट करण्याचा आदेश द्यावा. कर्नल खंड तत्काळ मोडत नाही. त्यावर खूण करतो आणि शेवटची जोडणी सुटली की जागा मोकळी करतो. प्रोग्रॅम अर्ध्यावर कोसळला तरी मागे काही उरत नाही. वाचणारी प्रोसेस उशिरा येणार असेल तर मात्र हा मार्ग चालत नाही. तेव्हा आवराआवरीची जबाबदारी प्रोग्रॅमबाहेर, काम सादर करणाऱ्या स्क्रिप्टवर सोपवावी. कारण वेळमर्यादा संपल्यावर येणारा ‘सिगकिल’ हा संकेत प्रोग्रॅमला शेवटचा शब्दही उच्चारू देत नाही.

सार्वजनिक पैशातून उभ्या राहिलेल्या यंत्रावर एका विद्यार्थ्याने सोडलेली जागा दुसऱ्याच्या प्रयोगाचा वेळ असते. आज लिनक्सवर काम करत असाल तर ‘आयपीसीएस’ या आज्ञेला ‘एम’ हा पर्याय जोडून एकदा पाहा. जोडलेल्या प्रोसेसच्या संख्येच्या रकान्यात शून्य आणि मालकाच्या जागी तुमचे नाव असेल, तर त्या खंडाचे काय करायचे हे तुमच्याखेरीज दुसरे कोणीच खात्रीने सांगू शकत नाही.