न तुटणाऱ्या ओझ्याचा हिशेब

माझा भाचा सिव्हिल इंजिनिअरिंग शिकतो. परवा म्हणाला, "मामू, काँक्रीट तुटलं नाही म्हणजे त्याला काही झालं नाही, असं नसतं." वाळताना ते आकसते, त्याला श्रिंकेज म्हणतात. सतत ओझे राहिले तर ते वर्षानुवर्षे हळूहळू दबतही जाते, ते क्रीप.

हे मोजण्याची एएसटीएमची पद्धत त्याने समजावली. १५० मिमी व्यासाचे, ३०० मिमी उंचीचे काँक्रीटचे ठोकळे फ्रेममध्ये दाबून ठेवायचे. ओझे त्यांच्या ताकदीच्या ४० टक्क्यांपुढे न्यायचे नाही. पहिला आठवडा रोज मोजायचे, मग महिनाभर दर आठवड्याला आणि पुढे वर्षभर दर महिन्याला. शेजारी त्याच घाण्याचे, ओझे नसलेले ठोकळेही ठेवायचे. हवा तीच, खोली तीच. दबलेल्याच्या एकूण बदलातून ओझे ठेवताक्षणी झालेला दाब आणि शेजाऱ्याचे आकसणे वजा केले, की उरते ते क्रीप.

हा हिशेब कमी पडला तर काय होते, ते पॅसिफिकमधल्या पलाऊ देशाने पाहिले. तिथला २४१ मीटर गाळ्याचा पूल १९७७ मध्ये पूर्ण झाला. पुढे त्याचा मधला भाग अंदाजापेक्षा कितीतरी जास्त, मीटरभराहून अधिक खाली आला. दुरुस्ती झाली आणि काही महिन्यांतच, सप्टेंबर १९९६ मध्ये, तो कोसळला. दोन माणसे गेली.

बांधकामावर २८ दिवसांनी क्यूब फोडून ताकद तपासतात. आम्हा शिक्षकांची वार्षिक परीक्षा तशीच: पास झाली, म्हणजे ठीक आहे. आठवीतली मुलगी पहाटे पाणी भरते, धाकट्यांना सांभाळते, संध्याकाळी आईसोबत शिवणकाम करते. तरी पास होते. उर्दूत आपण तिच्या 'बर्दाश्त'चे कौतुक करतो, मराठीत 'सोशिक' म्हणतो. दोन्ही भाषांत शाबासकी आहे, मोजमाप नाही. दहावीपर्यंत ती वर्गात प्रश्न विचारणे बंद करते, तेव्हा आपण म्हणतो, "वस्तीचं वातावरणच तसं."

वातावरणाचा वाटा असेलही. पण त्याच घरात, त्याच हवेत तिचा भाऊ वाढतो. त्याच्या डोक्यावर हंडा नाही, मांडीवर धाकटा नाही. पालक सभेत दोघांची प्रगतिपुस्तके शेजारी ठेवून बघावीत. वजाबाकी अवघड नाही.