पाबळच्या माळावरची शाळा

पुण्याहून अहिल्यानगरच्या रस्त्यानं निघालं, की शिक्रापूरहून उत्तरेकडे पाबळला जाता येतं. शिरूर तालुक्याचा हा भाग कमी पावसाचा. बाहेरची माणसं पाबळला येतात ती बहुधा मस्तानीची कबर पाहायला. पण मंडळी, शेतकऱ्यानं मुलाबाळांना घेऊन जावं असं आणखी एक ठिकाण इथे आहे. त्याचं नाव विज्ञान आश्रम.

आश्रमाच्या आवारात लोखंडी त्रिकोण जोडून केलेली घुमटासारखी घरं दिसतात. ‘पाबळ डोम’ या नावानं ती ओळखली जातात. हा आश्रम १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी सुरू केला. अमेरिकेत डॉक्टरेट घेतलेला आणि मुंबईत मोठ्या कंपनीच्या संशोधन विभागात काम केलेला हा माणूस. दुष्काळी गाव निवडून तो इथे राहायला आला. हातानं काम करता करता शास्त्र शिकवायचं, हा त्यांचा विचार. शाळेत गुणांनी मागे पडलेल्या पोरांनाही त्यांनी जवळ केलं.

इथला निवासी अभ्यासक्रम एक वर्षाचा. विभाग चार : एकात लोखंड, लाकूड आणि बांधकाम, दुसऱ्यात वीज आणि ऊर्जा, तिसऱ्यात शेती आणि जनावरं, चौथ्यात घर, अन्न आणि आरोग्य. आठवी ते दहावीच्या शाळांसाठी याचंच सोपं रूप आहे. त्यात आठवड्याचा एक दिवस कामाचा. मुलगा असो की मुलगी, चारही विभाग प्रत्येकानं करायचे. मुलगी वेल्डिंग करते, मुलगा रक्तातलं हिमोग्लोबिन तपासायला शिकतो. गावाला लागणारी कामं मुलं करून देतात आणि त्याचे पैसे घेतात. शिकवायलाही गावातली हुन्नरी माणसं चालतात.

कुणी म्हणेल, चार कशाला? एकच धंदा पक्का शिकवा की! उत्तर आपल्या विहिरीवरच आहे. आपल्या आज्यानं मोट हाकली. पुढे डिझेल इंजिन आलं आणि मोटा शिवणाऱ्याचं काम गेलं. मग विजेची मोटर आली, तेव्हा ती भरून देणारा नवा कारागीर तयार झाला. आता सौरपंप आले आहेत. पुढे काय येईल ते मास्तरांना ठाऊक नाही आणि सरकारलाही नाही. एकच विद्या घेतलेला माणूस अशा वेळी रस्त्यावर येतो. ज्याला मोजमाप येतं, नकाशा वाचता येतो, खर्चाचा अंदाज काढता येतो आणि नव्या यंत्राला हात लावायची भीती वाटत नाही, तो नवं काम उचलतो.

पाबळलाच याचा पडताळा आला. आश्रम निघाला तेव्हा संगणकावर चालणारी यंत्रं खेड्यात कुणाच्या ध्यानीमनी नव्हती. पण २००२ साली अमेरिकेतल्या एम.आय.टी. या संस्थेच्या साहाय्यानं इथे ‘फॅब लॅब’ उभी राहिली. संगणकावर आकृती काढायची आणि यंत्रानं ती कापून घ्यायची, असं काम या माळावर सुरू झालं. कलबाग २००३ साली गेले. आश्रमाचं काम पुढे चालू राहिलं.

आपल्याकडे अडचण निराळीच आहे. पोराच्या हातात पाना दिसला, की घरचे म्हणतात, “हेच करायचं होतं तर शाळेत कशाला घातला?” मुलीच्या बाबतीत तर बोलायलाच नको. आणि नुसता हुन्नर आला म्हणून धंदा चालतो असंही नाही. भांडवल लागतं, गिऱ्हाईक लागतं, उधारी वसूल करावी लागते. पण मार्कलिस्ट हातात घेऊन बसून राहिलेली पोरं आज कोणत्या गावात नाहीत? त्यांच्या लग्नाची आणि कर्जाची काळजी आईबापांनाच वाहावी लागते.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवायला सांगितलं आहे. त्या दिवसांत मुलांनी सुतार, कुंभार, माळी अशा स्थानिक कारागिरांकडे शिकायचं आहे. शाळा व्यवस्थापन समितीत आपण पालकच बहुसंख्य असतो. पुढच्या बैठकीला जाल तेव्हा विचारा : यंदा आमची मुलं कोणाकडे पाठवणार? आणि गावातला फिटर, गवंडी, शिवणकाम करणारी ताई यांची नावं आपणच लिहून द्या.