विहिरीत पाणी होतं

'सैराट' बघून आम्ही बार्शीहून परत निघालो तेव्हा जीपमध्ये आर्ची-परश्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. बोलणं चाललं होतं ते विहिरीचं. "एवढी काठोकाठ विहीर, कुठली असंल ओ?" जाऊबाईंनी विचारलं. "करमाळ्याकडची. तिकडं उजनी हाय की," पुढं बसलेले दीर म्हणाले. मग उजनी, मग ऊस, मग केळी, मग आमच्या गावाचा टँकर. गाव येईपर्यंत तेवढंच. शेवटच्या दृश्यातली ती रक्तानं माखलेली लहान पावलं आमच्याही डोळ्यांसमोर होती. पण तोंडात विषय पाण्याचाच होता, आणि मला त्याचं आजही नवल वाटतं.

साल २०१६. मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी पोचलं १२ एप्रिलला, आणि 'सैराट' लागला २९ एप्रिलला. आमच्या जिल्ह्याचं नाव तेव्हा उस्मानाबाद. मांजरा धरण कोरडं, परंड्याकडचं सीना-कोळेगाव कोरडं, बीड-लातूर-उस्मानाबादेत चारा छावण्या. आमचा भूम तालुका दुधा-खव्याचा. घरची खव्याची भट्टी थंड पडलेली, म्हशी छावणीत आणि हेही म्हशींबरोबर तिथंच मुक्कामाला. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. सुट्ट्या लागल्या होत्या. पोरांनी हट्ट धरला, म्हणून गेलो.

परश्या धावत येतो आणि विहिरीत उडी घेतो, तेव्हा पुढच्या रांगांत शिट्ट्या वाजल्या. आमच्या रांगेत मात्र कोणी हललं नाही. मागं बसलेली एक बाई हळूच म्हणाली, "पाणी बघ गं, पाणी." आर्चीचं धाडस, तिचा तोरा, परश्याची उडालेली भंबेरी, हे सगळं मला नंतर टीव्हीवर दुसऱ्यांदा बघताना दिसलं. थिएटरात दिसलं ते हिरवट, खोल, हलणारं पाणी.

पुण्यात एका लग्नात मी हे सांगितलं तर समोरचे हसले. "इतका मोठा सिनेमा आणि तुम्ही विहीर बघत बसलात?" असं म्हणाले. मी तेव्हा गप्प बसले, आता लिहिते. परंडा आणि करमाळा हे शेजारचे तालुके. सिनेमात परश्याचे वडील मासेमारी करतात, तिकडं उजनीच्या फुगवट्यावर खरंच अनेक घरं मासेमारीवर चालतात. त्याच उजनीतून आमच्या सीना-कोळेगावात पाणी आणायचं, ही कृष्णा-मराठवाडा योजना आम्ही कित्येक वर्षं ऐकत होतो. पहिल्या टप्प्यात ७ टीएमसी, हा आकडा आमच्याकडं शाळेतल्या पोरांनाही पाठ. पाणी मात्र आलेलं नव्हतं. ज्या पाण्यावर आपला हक्क सांगून झालाय, ते पाणी पडद्यावर दिसल्यावर माणूस दुसरीकडं कसं बघेल? सिनेमा आम्हाला कळला नाही असं नाही. जातीसाठी पोटच्या पोरीला मारणारी माणसं काय असतात हे आम्हाला कोणी समजावून सांगायची गरज नाही. ते कळूनही पाणी दिसत होतं.

पण माझ्या मनात जे अजून सलतं ते सिनेमाचं नाही, बातमीचं आहे.

त्याच उन्हाळ्यात एका वाहिनीची गाडी गावात आली. नाव लिहीत नाही. बातमीदार तरुण पोरगा, वागायला चांगला, सगळ्यांना मावशी म्हणणारा. अडचण एवढीच की तो आला तेव्हा टँकर येऊन गेला होता. बायकांचे हंडे भरलेले. कोणी घरी पोचलेल्या, कोणी डोक्यावर हंडा घेऊन वाटेत. त्याला हवी होती रिकाम्या हंड्यांची रांग. तो म्हणाला, "मावशी, एकदा रिकामे हंडे घेऊन याल का? लोकांना परिस्थिती कळायला पाहिजे." दोघी-तिघी घरी जाऊन रिकाम्या घागरी घेऊन आल्या. आमच्या आत्याही आल्या, म्हणजे माझ्या सासूबाई. मग त्याला विहिरीत पोहरा सोडताना एक बाई हवी होती. आमच्या विहिरीत दिवाळीनंतर कोणी पोहरा सोडलेला नव्हता, सोडून उपयोगच नव्हता. दोरही आडाला राहिलेला नव्हता, तो कुणाच्या तरी गोठ्यातून आणला. मी शाळेच्या ओट्यावरून बघत होते. मला वाटलं, करू दे, परिस्थिती तर खोटी नाही ना.

तेवढ्यात त्याची नजर आमच्या शाळेतल्या एका मुलीवर गेली. सहावीतली, अंगानं बारकी. ती कडेवर घेतल्यासारखा हंडा धरून उभी होती. तो तिला म्हणाला, "तू पण ये ना रांगेत, पण रिकामा हंडा घेऊन ये." त्याच्या मनात काय होतं ते मी सांगू शकत नाही. घरी जाऊन रिकामा आण, असंच म्हणायचं असेल. पोरीनं एकदा इकडं बघितलं, एकदा कॅमेऱ्याकडं बघितलं आणि कोणी काही म्हणायच्या आत हंडा बाभळीच्या बुडाशी उपडा केला.

सगळा हंडा. जमीन इतकी तापलेली होती की पाणी वाहिलंसुद्धा नाही, जागच्या जागी जिरलं.

तिची आई धावत आली आणि तिनं पोरीच्या थोबाडीत दिली. पोरगी रडली नाही. रिकामा हंडा घेऊन रांगेत जाऊन उभी राहिली, कारण तिला तसं सांगितलं होतं. मी ओट्यावरून खाली उतरले आणि त्या बातमीदाराला जे तोंडात आलं ते बोलले. तो खरोखर वरमला. गाडीतून पाण्याची सीलबंद बाटली आणून पोरीच्या हातात दिली. बाटलीभर पाणी, हंड्याच्या बदल्यात. पोरीनं ती घेतली आणि आईच्या हातात दिली. टँकर आता थेट परवा येणार होता.

रात्री बातमी लागली. पाच-सहा सेकंद. रिकाम्या घागरी, कोरडी विहीर, रांगेत ती पोरगी, तिच्या मागं आमच्या आत्या. खाली जिल्ह्याचं नाव लातूर. थोबाडीत दाखवली नाही, बाभळीखालची ओलही दाखवली नाही. माझ्या मते त्या दिवशी आमच्या गावातली खरी बातमी तीच होती. तहानलेल्या गावातल्या पोरीनं पाणी ओतून द्यावं, इतका त्या कॅमेऱ्याचा धाक. दुष्काळ दाखवायला आमच्याकडं खोटं काही करावं लागत नव्हतं. छावणीत जाऊन म्हशींच्या बरगड्या दाखवायच्या. टँकरच्या पाळीवरून भावाभावांत झालेली भांडणं दाखवायची. रात्री दोनला टँकरची चाहूल घेत जागी असलेली बाई दाखवायची. पण त्यासाठी रात्री दोनपर्यंत गावात थांबावं लागलं असतं.

आत्या मात्र खूश. "मी दिसले," म्हणून आल्या-गेल्याला सांगत होत्या. मला त्यांचा राग आला. मी म्हणाले, "आत्या, ती पोरगी मार खाऊन उभी होती आणि तुम्हाला टीव्हीत दिसल्याचं कौतुक?" त्या शांतपणे म्हणाल्या, "न्हाई दाखवलं तर पाणी कोण दील बाई? मार काय, माझी बी पोरं खाऊनच मोठी झाली." पुढच्या आठवड्यात गावाला टँकरची एक खेप वाढली. ती बातमीमुळं वाढली की ग्रामसभेच्या अर्जामुळं, यावर गावात आजही दोन मतं आहेत. माझं मत अर्जाच्या बाजूनं. आत्यांचं अर्थातच बातमीच्या.

तेव्हापासून मी सिनेमा असो की मालिका, माणसांच्या मागं काय दिसतंय ते आधी बघते. 'गाभ्रीचा पाऊस' मला म्हणूनच आवडला. २००९ सालचा, यवतमाळकडचा. शेजारच्या शेतकऱ्यानं जीव दिल्यावर अलका नवऱ्यावर नजर ठेवायला लागते, पोराला त्याच्या मागं धाडते, त्याला गोडधोड करून घालते. त्या बाईचे डोळे मी आमच्या गावात प्रत्यक्ष बघितलेत. आणि त्यात शेत आहे, पेरणी आहे, वाया गेलेलं बियाणं आहे. २०२४ चा 'पाणी' सुद्धा तसा. नांदेड जिल्ह्यातल्या नागदरवाडीच्या हनुमंत केंद्रे यांची ती खरी गोष्ट. गावात पाणी नाही म्हणून मुलगी द्यायला लोक तयार नाहीत, आणि तो गडी गावाला धरून पाणी अडवायच्या कामाला लागतो. काम करणारा मराठवाडा पडद्यावर बघायला मिळाला याचा मला फार आनंद झाला. एरवी आम्ही पडद्यावर येतो ते तहानलेले नाहीतर मेलेले.

नाहीतर हसवायला. मकरंद अनासपुरे यांनी आमची बोली मोठ्या पडद्यावर नेली, हे उपकार मी मानते. २००५ च्या 'कायद्याचं बोला' मध्ये त्यांच्या वकिलाचं आडनाव कुंथलगिरीकर आहे. कुंथलगिरी आमच्याच तालुक्यातली, तिथला पेढा खाल्ला नाही असा माणूस या भागात सापडणार नाही. त्या आडनावाचा वकील कोर्टात खटला जिंकतो तेव्हा आमच्या घरात टाळ्या पडल्या होत्या. पण त्यानंतर इतक्या वर्षांत आमची बोली विनोदासाठी जेवढी वापरली गेली, तेवढी दुःखासाठी किंवा प्रेमासाठी वापरलेली मी ऐकली नाही. 'तुझ्यात जीव रंगला' मध्ये कोल्हापूर प्रेमात पडलं, 'लागिरं झालं जी' मध्ये सातारा. 'रात्रीस खेळ चाले' नं मालवणी घराघरांत नेली, 'माझ्या नवऱ्याची बायको' मधल्या राधिकेनं नागपूरची बोली मुंबईत ताठ मानेनं बोलून दाखवली. मला या मालिकांचा हेवा वाटतो, आणि हेवा वाटावा अशाच त्या होत्या.

मालिकांवर माझा मोठा राग आहे तो निराळाच. त्यांत कोणी शेतात जात नाही. वाडा मोठा, ट्रॅक्टर दारात, सगळे दिवसभर घरात. मृग आला काय, सोयाबीनची काढणी आली काय, दिवाणखान्यातलं भांडण चालूच. सोयाबीन भिजत असताना आमच्याकडं नवरा-बायकोला भांडायला सवड नसते, ताडपत्री ओढायची असते. दूध कोण काढतं, भट्टीपुढं खवा कोण हलवतं, याचा पत्ता नाही. २०२४ च्या ऑक्टोबरात 'आई तुळजाभवानी' मालिका सुरू झाली तेव्हा मी आत्यांजवळ हेच बोलत होते. आपली देवी वर्षातून तीन वेळा मंचकी निद्रेला जाते, तिची मूर्ती जागेवरून हलवता येते, पलंग-पालखी नगरकडून येतात, दसऱ्याला पहाटे सीमोल्लंघन होतं. एवढं सगळं आपल्या जिल्ह्यात खरंखुरं घडत असताना संगणकावरचे राक्षस कशाला? आत्या हात जोडून बसलेल्या. म्हणाल्या, "तू गप बस. आता मला तुळजापूरच्या पायऱ्या उतरवत न्हाईत. हितं दिसायली तर बघू दे."

आणि मग २०२५ चा सप्टेंबर आला.

घटस्थापना २२ तारखेला होती. माझं माहेर परंडा तालुक्यात, सीनेच्या काठाला. त्या दोन-तीन दिवसांत भूम-परंड्यात जो पाऊस झाला त्यानं नदी गावात शिरली, माणसांना काढायला हेलिकॉप्टर आणावी लागली. भावाचा फोन लागेना. मी टीव्हीपुढं. ज्या वाहिन्यांना मी इतकी वर्षं नावं ठेवत आले, त्यांच्यावर मी डोळे लावून बसले होते आणि पट्टीवर जिल्ह्याचं नाव बरोबर आहे की नाही ते बघायचंही भान नव्हतं. वरून काढलेलं दृश्य, तांबडं पाणी, त्यात छपरं, एका छपरावर माणसं. कुठलं गाव ते कळत नव्हतं. मी आयुष्यभर पडद्यावरच्या पाण्याकडं आशाळभूतपणे बघितलं. त्या दिवशी मला ते पाणी बघवेना.

संध्याकाळी उशिरा भावाचा फोन आला. माणसं वाचली होती. दावणीची जनावरं गेली, आणि जमिनीवरची माती खरवडून गेली, खाली मुरूम उघडा पडला. फोन ठेवल्यावर मला काही सुचेना. आत्यांनी देवीची मालिका लावायला सांगितली. मी लावली, आणि त्यांच्याजवळ बसून पूर्ण भाग बघितला. तेच राक्षस, तेच चमकणारे मुकुट. त्या रात्री मला ते खोटं हवंसं वाटलं. त्यात चिखल नव्हता, मेलेलं जनावर नव्हतं. मालिकांबद्दल वर जे लिहिलं ते मी मागं घेत नाही, पण त्या रात्रीचंही खरं आहे.

वाहिन्यांच्या गाड्या पाणी ओसरेपर्यंत होत्या. नंतर शेतात माती आणून टाकायची खटपट सुरू झाली. ती बघायला कोणी आलं नाही. गर्दी नसती जमली तरी चाललं असतं, पण ते काम बघण्यासारखं होतं. वाहून गेलेल्या जमिनीवर माणसं पुन्हा रब्बीच्या विचाराला लागतात, हे दुष्काळापेक्षा आणि पुरापेक्षाही दाखवण्यासारखं आहे असं मला वाटतं.

म्हणून मालिका आणि सिनेमे लिहिणाऱ्यांना माझी विनंती आहे. तुमच्या गोष्टीत शेतकऱ्याचं घर असेल, तर चालू महिना कोणता आणि त्याच्या शेतात आत्ता काय उभं आहे, हे आधी ठरवा. त्याच्या घरातलं भांडण मग लिहा.